अन्वस्त, तबकडी आणि वक्रता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून खोडदच्या दिशेला वळले की शेतांच्या मधूनच तारेच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी या दुर्बिणीच्या एकूण ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर असून त्या साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. अन्वस्ताविषयी (पॅराबोलाविषयी) विद्यार्थी, शिक्षक आणि नवखे अभियंते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे या तबकड्यांचा आधार घेऊन देता येतात, म्हणून पुढील आकडेमोडीत शक्य तिथे हेच उदाहरण घेतले आहे. सूत्रांमध्ये क्ष म्हणजे अक्षापासूनचे आडवे अंतर, य म्हणजे शिरोबिंदूपासूनची (तबकडीच्या तळाच्या मध्यबिंदूपासूनची) उंची आणि न म्हणजे शिरोबिंदूपासून नाभीपर्यंतचे, म्हणजे किरण जिथे एकवटतात त्या बिंदूपर्यंतचे, अंतर.

अन्वस्त म्हणजे नेमके काय? वाडग्यासारखा दिसणारा कोणताही बाक अन्वस्त असतो का?

नसतो. कागदावर एक सरळ रेषा आणि तिच्या बाहेर एक बिंदू घ्यावा. ज्या ज्या ठिकाणापासून त्या बिंदूचे अंतर आणि त्या रेषेचे लंबांतर सारखे भरते, ती सर्व ठिकाणे मिळून अन्वस्त तयार होतो. बिंदूला नाभी म्हणतात आणि रेषेला नियता. या व्याख्येतून थेट य = क्ष² ÷ ४न हे समीकरण निघते. वर्तुळाचा कंस, टांगलेली साखळी, अपास्ताची एक शाखा हे सारे वक्र शिरोबिंदूच्या आसपास अन्वस्तासारखेच दिसतात आणि नुसत्या नजरेने ते वेगळे ओळखता येत नाहीत. फरक कडेकडे जाताना वाढतो.

शंकूच्या तिरप्या बाजूला समांतर असा छेद घेतला की अन्वस्त मिळतो, ही ओळख अधिक जुनी आहे. ग्रीक गणिती अपोलोनियस याने शंकुच्छेदांची पद्धतशीर मांडणी केली. त्याच्याही आधी आर्किमिडीजने दाखवून दिले होते की सरळ रेषेने कापलेल्या अन्वस्ताच्या तुकड्याचे क्षेत्रफळ, त्याच पायावर आणि तेवढ्याच उंचीच्या त्रिकोणाच्या चार-तृतीयांश पट असते. कलनशास्त्र अस्तित्वात येण्याच्या सुमारे १,९०० वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

उथळ तबकडी आणि खोल तबकडी हे दोन वेगळे अन्वस्त असतात का?

हा प्रश्न ऐकून बहुतेक जण लगेच ‘होय’ म्हणतात, पण उत्तर ‘नाही’ असे आहे. जशी सगळी वर्तुळे एकमेकांशी समरूप असतात, तसेच सगळे अन्वस्तही समरूप असतात. समीकरणात एकच संख्या आहे, ती म्हणजे न, आणि ती केवळ माप ठरवते. उथळ तबकडी म्हणजे एका मोठ्या अन्वस्ताचा शिरोबिंदूजवळचा लहान तुकडा, तर खोल तबकडी म्हणजे त्याच आकाराचा, कडेपर्यंत अधिक लांब कापलेला तुकडा. म्हणून अभियंते अन्वस्ताच्या ‘प्रकारा’विषयी बोलत नाहीत, तर नाभी-अंतर आणि व्यास यांच्या गुणोत्तराविषयी बोलतात. जीएमआरटीच्या तबकडीचे नाभी-अंतर १८.५४ मीटर आहे, म्हणजे हे गुणोत्तर सुमारे ०.४१ येते. कडेला क्ष = २२.५ मीटर घेतल्यास तबकडीची खोली ६.८३ मीटर भरते, म्हणजे जवळजवळ दोन मजले.

किरण नाभीत एकवटतात हे माहीत आहे. पण रेडिओ लहरींसाठी एवढे पुरेसे आहे का?

नाही, आणि शालेय पुस्तकांत या मुद्द्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही असे मला वाटते. अक्षाला समांतर आलेला किरण परावर्तित होऊन नाभीतून जातो, हे तर खरेच. पण लहरींच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की तबकडीच्या मधल्या भागावर आपटलेली लहर आणि कडेवर आपटलेली लहर नाभीपर्यंत सारखेच अंतर कापून, एकाच वेळी पोहोचतात. हे वरच्या व्याख्येतच दडलेले आहे: नाभीपर्यंतचे अंतर नियतेपर्यंतच्या अंतराएवढे असल्यामुळे प्रत्येक मार्गाची एकूण लांबी एकच येते. सगळ्या लहरींचे चढउतार जुळले तर त्यांची बेरीज होते. जुळले नाहीत तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात, मग किरण कितीही नेटकेपणाने एकवटोत. पुढे आकाराच्या अचूकतेविषयी जे काही सांगितले आहे, ते सारे याच एका गोष्टीतून येते.

वक्रता म्हणजे काय आणि अन्वस्ताची वक्रता किती असते?

वक्रावरून समान वेगाने चालत गेल्यास आपली दिशा किती झपाट्याने बदलते, याचे माप म्हणजे वक्रता. त्या जागी वक्राला सर्वांत चपखल बसणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे वक्रतात्रिज्या, आणि तिचा व्यस्त म्हणजे वक्रता. वर्तुळाची वक्रता सगळीकडे सारखी असते, सरळ रेषेची शून्य असते, आणि अन्वस्ताची शिरोबिंदूपाशी सर्वांत जास्त असून दोन्ही बाजूंना सतत कमी होत जाते.

शिरोबिंदूपाशी वक्रतात्रिज्या बरोबर नाभी-अंतराच्या दुप्पट, म्हणजे २न इतकी असते. गोलीय आरशाचे नाभी-अंतर त्रिज्येच्या निम्मे असते हा दहावीच्या पुस्तकातला नियम येथेच भेटतो. शिरोबिंदूपासून दूर जाताना या २न ला एका गुणकाने गुणावे लागते. तो असा काढावा: क्ष ला २न ने भागावे, भागाकाराचा वर्ग करावा, त्यात १ मिळवावा आणि जे येईल त्याचा दीडवा घात घ्यावा.

जीएमआरटीच्या तबकडीत शिरोबिंदूपाशी वक्रतात्रिज्या ३७.०८ मीटर येते. कडेला क्ष भागिले २न = ०.६०७ आणि गुणक सुमारे १.६०, म्हणून तिथे वक्रतात्रिज्या सुमारे ५९.३ मीटर होते. याचा कामाच्या दृष्टीने अर्थ असा की मध्याजवळ जो पाइप ज्या साच्यात वाकवला, तोच साचा कडेच्या पाइपाला चालत नाही.

तबकडी हा वक्र नसून पृष्ठभाग आहे, त्यामुळे प्रत्येक जागी तिला दोन मुख्य वक्रता असतात. वर सांगितलेली वक्रता मध्याकडून कडेकडे जाताना मिळते. तिच्या काटकोनातील दिशेने, म्हणजे तबकडीभोवती जाताना, कडेपाशी वक्रतात्रिज्या सुमारे ४३.४ मीटर भरते. मध्यबिंदूवर या दोन्ही त्रिज्या समान असतात. तिथून पुढे त्यांच्यातले अंतर वाढत जाते.

य = क्ष² या वक्रात दुसरा अवकलज सगळीकडे २ च असतो. मग वक्रता बदलते असे कसे म्हणता?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला हा गोंधळ हमखास होतो. दुसरा अवकलज आपल्याला सांगतो की आडव्या दिशेने एक पाऊल टाकल्यावर चढ किती बदलला. वक्रता सांगते की वक्रावरून एक पाऊल टाकल्यावर दिशेचा कोन किती बदलला. वक्र जिथे जवळजवळ आडवा आहे तिथे ही दोन्ही मापे एकच असतात. वक्र उभा होऊ लागला की आडव्या दिशेच्या एका पावलात वक्राची लांबी पुष्कळ सामावते, आणि चढ १० वरून १२ झाला तरी कोनात फारसा फरक पडत नाही. सूत्रातला तो दीडवा घात नेमके याच दोन गोष्टींचे हिशोब पुरे करतो.

चढ लहान असताना हा फरक किती क्षुल्लक असतो, हेही पाहण्यासारखे आहे. रस्त्याचा चढ ३ टक्के असेल तर वक्रता दुसऱ्या अवकलजापेक्षा केवळ ०.१३५ टक्क्यांनी कमी भरते. टेकडीच्या माथ्यावरून रस्ता नेताना उभ्या छेदात अन्वस्त वापरतात, त्याचे कारण हेच. तिथे वर्तुळ आणि अन्वस्त यांत वाहनाला काहीच फरक जाणवत नाही, पण अन्वस्तात चढ ठरावीक अंतराला ठरावीकच बदलतो, त्यामुळे समान अंतरावरच्या पातळ्या साध्या बेरीज-वजाबाकीने काढता येतात. संगणक येण्याआधी बांधावर बसून वहीत पातळ्या मांडणाऱ्या ओव्हरसीयरला ही सोय मोलाची होती.

वर्तुळाकार, म्हणजे गोलाचा तुकडा असलेली तबकडी बनवणे सोपे. तीच का वापरत नाहीत?

लहान आणि उथळ तबकडीला ती चालते. दाढीचा आरसा गोलीयच असतो. मोठ्या तबकडीचा हिशोब मात्र करून पाहावा. शिरोबिंदूपाशी जीएमआरटीच्या तबकडीला चपखल बसणारा गोल ३७.०८ मीटर त्रिज्येचा आहे. २२.५ मीटर दूर कडेला हा गोल ७.६१ मीटर उंचीवर असतो, तर अन्वस्त ६.८३ मीटरवर. फरक ७८ सेंटिमीटरचा. कडेवर लहर तिरपी आपटत असल्याने मार्गाच्या लांबीतला फरक याच्या साधारण दीडपट, म्हणजे एक मीटरहून अधिक होतो. आकाशगंगेतल्या हायड्रोजन वायूची लहर २१ सेंटिमीटरची असते. तिच्यासाठी हा फरक पाच लांबींएवढा आहे. दोन मीटर लांबीच्या लहरींसाठीसुद्धा कडेवरून आलेली लहर मध्यावरून आलेल्या लहरीच्या विरोधात जाते. नाभीपाशी लहरी टिपणारे ग्राहक यंत्र थोडे सरकवून यातली काही भरपाई करता येते, पूर्ण नाही.

तरीही गोलीय तबकडीचा एक गुण असा आहे की तिला ठरावीक अक्ष नसतो. तबकडी जमिनीवर खिळलेली असली तरी वरचे ग्राहक यंत्र हलवून आकाशाच्या वेगवेगळ्या दिशा पाहता येतात. प्वेर्तो रिकोमधील अरेसिबोची ३०५ मीटर व्यासाची तबकडी याच कारणासाठी गोलीय होती आणि किरण एकवटण्यातला दोष दुरुस्त करण्यासाठी वर वेगळी रचना केलेली होती. २०२० च्या डिसेंबरात ती कोसळली. चीनमधील ५०० मीटरच्या फास्ट दुर्बिणीत आणखी धाडसी मार्ग निवडला आहे. तिथे मूळ पृष्ठभाग गोलीय आहे, पण ज्या भागाने आकाश पाहायचे तेवढा ३०० मीटरचा भाग यांत्रिक दोरखंडांनी ओढून त्या वेळेपुरता अन्वस्ताकार केला जातो.

पत्रा वाकवून मोठी तबकडी करता येईल का?

सपाट पत्रा न ताणता, न कापता, एकाच दिशेने वाकवता येतो. दोन्ही मुख्य वक्रतांच्या गुणाकाराला गाउस वक्रता म्हणतात, आणि पृष्ठभाग न ताणता कसाही वाकवला तरी ती बदलत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केले. सपाट पत्र्याची गाउस वक्रता शून्य. तबकडीची सर्वत्र धन. म्हणून सपाट कागद वाडग्यात बसवताना चुण्या पडणारच, आणि चपाती वाटीवर दाबून बसवायची तर ती कुठेतरी ताणावी लागणारच.

भारतातील दोन रेडिओ दुर्बिणी या अडचणीकडे दोन वेगळ्या बाजूंनी पाहतात, आणि दोन्हींच्या मागे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप हेच होते. तमिळनाडूतील उटी येथे १९७० मध्ये सुरू झालेली दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. तिचा छेद अन्वस्ताकार असला तरी लांबीच्या दिशेला ती सरळ आहे, म्हणजे तिची गाउस वक्रता शून्य आहे. म्हणूनच तिचा परावर्तक पृष्ठभाग अन्वस्ताकार चौकटींवरून ताणलेल्या सुमारे १,१०० सरळ, समांतर पोलादी तारांनी बनवता आला. शिवाय ती ज्या डोंगरउतारावर उभी आहे, त्याचा उतार तिथल्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश आहे. त्यामुळे दुर्बिणीची लांब बाजू पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते आणि एका अक्षाभोवती फिरवूनच तारा तासन् तास पकडून ठेवता येतो.

खोडदला गोल तबकड्या हव्या होत्या, म्हणून सरळ तारांची ही सवलत तिथे नव्हती. पोलादी पाइपांच्या १६ अन्वस्ताकार चौकटी मध्यापासून कडेपर्यंत लावल्या, त्यांच्यामध्ये दोरखंडांच्या कैच्या ताणून बसवल्या आणि त्यांवर बारीक स्टेनलेस तारेची जाळी ताणली. खरा वक्र पृष्ठभाग येथे लहान-लहान सपाट तुकड्यांनी साधलेला आहे. तुकडा सपाट ठेवल्याने किती चूक होते? लांबी ल आणि वक्रतात्रिज्या र असेल तर मधोमध पडणारा फरक ल² ÷ ८र इतका असतो. उदाहरणादाखल एक मीटरचा तुकडा घेतला तर ३७ मीटर त्रिज्येवर हा फरक जेमतेम ३.४ मिलिमीटर येतो. तुकडा दुप्पट लांब केला तर चूक चौपट होते, आणि तुकडे किती मोठे ठेवायचे हे तिथून ठरते. भरीव पत्र्याऐवजी जाळी वापरल्याने वजन तर वाचलेच, शिवाय वारा आरपार जाऊ लागल्याने आधाराची चौकटही हलकी करता आली. एवढ्या मोठ्या तबकड्या मर्यादित खर्चात उभ्या राहिल्या त्या यामुळे.

आकार किती अचूक असावा लागतो?

लहर जितकी आखूड, तितका अचूक. पृष्ठभागावरच्या अनियमित चुकांमुळे दुर्बिणीची क्षमता किती घटते याचे सूत्र जॉन रूझ या अभियंत्याने दिले, आणि त्यानुसार सरासरी चूक लहरीच्या विसाव्या भागाएवढी असेल तर सुमारे दोन-तृतीयांश क्षमता शिल्लक राहते. २१ सेंटिमीटरच्या लहरीसाठी विसावा भाग म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. दोन मीटरच्या लहरीला दहा सेंटिमीटरची चूकही तेवढीच खुपते. जाळीच्या भोकांतून लहर का गळून जात नाही, याचेही उत्तर हेच: भोके लहरीच्या तुलनेत फार लहान आहेत.

दृश्य प्रकाशाच्या बाबतीत हिशोब मायक्रोमीटरच्याही लहान अंशांवर येतो. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा मुख्य आरसा अन्वस्ताकार नव्हे, तर किंचित अपास्ताकार ठरवलेला होता. तो अतिशय गुळगुळीत घासला गेला, पण चुकीच्या आकारात. तपासणीच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटर जागेवरून सरकलेले होते, त्यामुळे आरशाची कड सुमारे २ मायक्रोमीटर सपाट झाली. घासणाऱ्या यंत्राने आपले काम चोख केले. मोजणारे साधन चुकले. १९९३ मध्ये दुरुस्तीचे आरसे बसवून दृष्टी सुधारण्यात आली.

घासल्याशिवाय, साच्याशिवाय अन्वस्त तयार होतो का?

होतो, बादलीतही होतो. भांड्यातले द्रव उभ्या अक्षाभोवती एकाच वेगाने फिरत राहिले की त्याचा पृष्ठभाग अचूक अन्वस्ताकार होतो, आणि त्याचे नाभी-अंतर गुरुत्वत्वरणाला कोनीय वेगाच्या वर्गाच्या दुपटीने भागले की मिळते. द्रव कोणते, याचा संबंध नाही. उत्तराखंडात देवस्थळ येथे २०२२ मध्ये पहिली निरीक्षणे घेतलेल्या चार मीटर व्यासाच्या दुर्बिणीत पाऱ्याचा पातळ थर असाच फिरतो. सुमारे ८ सेकंदांत एक फेरी केली की नाभी-अंतर सुमारे ८ मीटर येते. वाचकांनी स्वतः करून पाहावे. ती दुर्बीण तिरपी करता येत नाही, कारण पारा सांडेल. डोक्यावरून सरकत जाणारी आकाशाची पट्टी तेवढी ती पाहते.

टांगलेली साखळी अन्वस्त असते का? झुलत्या पुलाची तार?

साखळी नाही, पुलाची तार जवळजवळ होय. साखळीचे वजन तिच्या स्वतःच्या लांबीवर सारखे वाटलेले असते आणि तिचा आकार कॅटेनरी होतो. सतरा वर्षांच्या हायगेन्सने १६४६ मध्ये तो अन्वस्त नाही हे दाखवले, आणि नेमके समीकरण १६९१ मध्ये हायगेन्स, लायब्निट्स आणि योहान बर्नुली यांनी दिले. झुलत्या पुलात मात्र बहुतांश भार खालच्या रस्त्याचा असतो आणि तो आडव्या अंतरावर सारखा वाटलेला असतो, म्हणून तार अन्वस्ताकडे झुकते. दोन्ही आकारांतला फरक किती? १०० मीटर अंतरावर १० मीटर झोळ ठेवला, तर एक-चतुर्थांश अंतरावर दोन्ही वक्रांच्या उंचीत केवळ २.४ सेंटिमीटरचा फरक येतो. डोळ्यांवर विसंबणारा भलाभला माणूस येथे फसणारच.

रेल्वेच्या वळणात अन्वस्त कुठे येतो?

रूळ सरळ रेषेतून थेट वर्तुळात नेला तर वक्रता शून्यावरून एकदम वाढते आणि डब्याला बाजूचा धक्का बसतो. म्हणून मध्ये संक्रमणाचा तुकडा घालतात, आणि भारतीय रेल्वेत त्यासाठी घन-अन्वस्त वापरतात, म्हणजे ज्यात य हा क्ष च्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्याची वक्रता अंतराच्या प्रमाणात हळूहळू वाढते, आणि बाहेरचा रूळ उचलण्याचे प्रमाणही तिच्याबरोबर वाढवत नेता येते. नावात अन्वस्त असला तरी हा शंकुच्छेद नव्हे.

शिर्डीच्या प्रसादालयाच्या छतावरचे आरसे घरच्या डिश अँटेनासारखे का दिसत नाहीत?

खरे तर त्यांचे नाते जवळचे आहे. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ शेफलर तबकड्या सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करून स्वयंपाकाला पुरवत आल्या आहेत. शेफलर तबकडी म्हणजे एका मोठ्या अन्वस्ताकार पृष्ठभागाचा बाजूने कापलेला तुकडा. त्यामुळे नाभी तबकडीच्या समोर न येता एका बाजूला, स्थिर जागी राहते. ऋतूप्रमाणे सूर्याची उंची बदलली की तबकडी केवळ तिरपी करून भागत नाही. तिच्या चौकटीला किंचित बाक देऊन वक्रताच बदलावी लागते, कारण आता दुसऱ्याच अन्वस्ताचा तुकडा हवा असतो. लवचीक चौकट हा येथे दोष नसून युक्ती आहे.

घराच्या गच्चीवरची डीटीएच तबकडीही असाच बाजूचा तुकडा असते, म्हणून तिचे ग्राहक यंत्र खालून आलेल्या दांड्यावर बसते आणि त्याची सावली तबकडीवर पडत नाही.

जुन्या तबकडीचे नाभी-अंतर घरी कसे मोजावे?

तबकडी पूर्ण गोल आणि मध्याभोवती सारखी असेल, तर तिच्या तोंडावर व्यासाच्या रेषेत दोरी ताणावी, दोरीपासून मध्यबिंदूपर्यंतची खोली पट्टीने मोजावी आणि व्यासाच्या वर्गाला खोलीच्या १६ पटीने भागावे. १ मीटर व्यास आणि १५ सेंटिमीटर खोली असेल तर नाभी-अंतर सुमारे ४२ सेंटिमीटर येते. डीटीएचच्या तबकडीला हे सूत्र लावू नये. ती बाजूचा तुकडा असल्याने उत्तर चुकेल. तपासणीसाठी तबकडीत चकचकीत कागद चिकटवून ती सूर्याकडे धरणार असाल, तर नाभीच्या जागी हात किंवा डोळा आणू नये. एक मीटरची तबकडीसुद्धा त्या जागी ठेवलेले वर्तमानपत्र काही क्षणांत पेटवते.